जुना एच६१ बोर्ड: आय५, आय७, झिऑन, की मशीनच बदलायचं?

दुकानात नाहीतर घरी २०१२-१३ च्या सुमाराला असेम्बल करून घेतलेलं मशीन असेल, आत पेंटियम जी६२० किंवा आय३-२१००, ४ जीबी रॅम आणि तीच जुनी हार्डडिस्क, तर झाकण उघडल्यावर मदरबोर्ड इंटेलच्या एच६१ चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप) निघायची शक्यता भरपूर आहे, कारण तेव्हा बजेटमधल्या मशीनला हाच बोर्ड टाकायचे. आता टॅली उघडेपर्यंत चहा होतो, जीएसटीचं पोर्टल आणि व्हॉट्सॲप वेब एकत्र लावलं की माउस अडकतो, आणि शेजारचा कुणीतरी सांगून जातो, "आय७ टाक की बे, पळतंय बघ." पळतंय, नाही असं नाही, पण कुठला आय७, तुमच्या बोर्डावर तो चालू होतो का, आणि तुमच्या कामाला त्याची गरज आहे का, हे तो सांगत नाही.

आधी एक गोष्ट, कारण ही न करता प्रोसेसरवर पैसे घातलेले लोक बघितलेत. मशीनमध्ये अजून हार्डडिस्क असेल तर पहिले पैसे एसएसडीला आणि दुसरे रॅमला. एच६१ वर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या पोर्टचा, स्पीड ३ गिगाबिटवालाच मिळतो, म्हणजे एसएसडी कितीही भारी घ्या ती सेकंदाला ३०० एमबीच्या खालीच राहणार, त्यामुळे महागडी घेऊ नका, साधी चालते आणि तरीही जुन्या हार्डडिस्कपुढे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रॅमचे स्लॉट बहुतेक दोनच असतात, त्यात ४-४ च्या दोन पट्ट्या टाका, ८ ची एकच नको, दोन असल्या की ड्युअल चॅनल चालू होतं आणि प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो. एवढं करून मशीन तुमच्या कामाला पुरलं तर पुढचं वाचूच नका, पैसे वाचले.

नाही पुरलं तर मग प्रोसेसर. आणि प्रोसेसरच्या आधी बोर्डाचं नाव. विंडोजमध्ये रनला जाऊन एमएसइन्फो३२ टाकलं की बोर्डाचं नाव आणि बायोसचं (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) व्हर्जन दोन्ही दिसतं, किंवा सीपीयू-झेड हा प्रोग्राम टाका, मेनबोर्डच्या टॅबमध्ये सगळं आहे. पण रिव्हिजन बोर्डावरच छापलेली असते, कोपऱ्यात बारीक अक्षरात, रेव्ह १.० का २.० ते टॉर्च लावून बघा, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनला बायोस वेगळा असतो. मग कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा. त्या लिस्टमध्ये प्रत्येक प्रोसेसरपुढे 'कुठल्या बायोसपासून चालतो' हे लिहिलेलं असतं, आणि खरा निकाल तिथेच लागतो, सॉकेट जुळला म्हणजे प्रोसेसर चालला असं नाही.

एच६१ वर प्रोसेसर बसवायचा सॉकेट एलजीए ११५५, त्यावर दोन पिढ्या बसतात, २०११ ची सँडी ब्रिज, म्हणजे २००० च्या नंबरवाले, आणि २०१२ ची आयव्ही ब्रिज, म्हणजे ३००० च्या नंबरवाले. हे नंबर आय३-आय५-आय७ चे, पेंटियमचे वेगळे, जी६२० सँडी ब्रिज आणि जी२०३० आयव्ही ब्रिज. आपल्या कामाचे समोरासमोर ठेवले तर असे दिसतात (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं, टर्बो म्हणजे गरज पडली की चढणारा स्पीड, कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली मेमरी):

आय५-२४००: ४ कोर, ४ थ्रेड, ३.१ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.४, कॅश ६ एमबी, ९५ वॅट
आय५-३४७०: ४ कोर, ४ थ्रेड, ३.२, टर्बो ३.६, कॅश ६ एमबी, ७७ वॅट
आय७-२६००: ४ कोर, ८ थ्रेड, ३.४, टर्बो ३.८, कॅश ८ एमबी, ९५ वॅट
आय७-३७७०: ४ कोर, ८ थ्रेड, ३.४, टर्बो ३.९, कॅश ८ एमबी, ७७ वॅट
झिऑन ई३-१२३० व्ही२ (इंटेलचा सर्व्हरसाठीचा): ४ कोर, ८ थ्रेड, ३.३, टर्बो ३.७, कॅश ८ एमबी, ६९ वॅट, ग्राफिक्स नाही

आता आय३-२१०० मध्ये कोर दोनच आहेत आणि टर्बो नाही. तिथून यातल्या कुठल्याही चिपवर गेलात तरी खरे चार कोर मिळतात आणि रोजच्या कामात जाणवणारा फरक तोच आहे. आय५ वरून आय७ वर गेल्यावर काय वाढतं तर थ्रेड, दोन एमबी कॅश आणि थोडा क्लॉक. कोर तेवढेच. टॅली, एक्सेल, बिलिंग, ब्राउझर यांना त्या जादा थ्रेडचा फारसा उपयोग नाही, माझ्या मते अशा मशीनला आय७ टाकणं म्हणजे रिक्षाला ट्रकचं इंजिन. पण घरी पोरगा व्हिडिओ एडिट करतोय, किंवा टॉवेल-चादरीच्या डिझाइनच्या मोठ्या फाइल एकीकडे एक्स्पोर्टला लावून दुसरीकडे काम चालू ठेवायचंय, तर आठ थ्रेड वसूल होतात, तिथे कंजुषी करू नका. सेकंडहँड बाजारात आय७ चा भाव आय५ पेक्षा बराच चढा असतो हे मात्र धरून चाला, नावालाच भाव आहे ओ.

आय५-२४०० आणि आय५-३४७० मध्ये मी ३४७० कडे झुकेन, आणि ते स्पीडसाठी कमी, वॅटसाठी जास्त. कागदावर ९५ आणि ७७ हा फरक किरकोळ वाटतो, पण आपल्याकडे सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, खोलीत एसी नाही, कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटवलेलं, अशा ठिकाणी स्वस्त एच६१ बोर्डाचं पॉवर सेक्शन आधीच तापलेलं असतं, त्यावर बऱ्याचदा हीटसिंकसुद्धा नसतो. तिथे कमी वॅटची चिप म्हणजे बोर्डाचं आयुष्य. शिवाय ३४७० च्या आतल्या एचडी २५०० ग्राफिक्सला डायरेक्टएक्स ११ आहे, २४०० च्या एचडी २००० ला १०.१ वरच थांबावं लागतं.

मग २००० वाले कुणी घ्यायचेच का? घ्यायचे, आणि त्याचं कारण बायोस. एच६१ बोर्ड आयव्ही ब्रिजच्या आधी आलेला आहे. सुरुवातीच्या बायोसवर ३००० वाला प्रोसेसर बसवला तर पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी राहते, लोकांना वाटतं प्रोसेसर खराब दिला. त्यामुळे जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करायचा, काही बोर्डांवर त्याच्यासोबत इंटेलचं मॅनेजमेंट इंजिनचं फर्मवेअरही ७ वरून ८ ला न्यावं लागतं, ते कुठल्या क्रमाने करायचं हे कंपनीच्या पानावर दिलेलं असतं, तोच क्रम पाळा. आणि हे करताना मशीन यूपीएसवर हवंच, बॅटरी बरी आहे ना ते आधी बघून, कारण फ्लॅश चालू असताना लाईट गेली की बोर्ड मेला, मग बायोसची चिप प्रोग्रामरवर लावून देणारा रिपेअरवाला शोधत फिरा. अपडेट झाला की मशीन बंद, वायर काढून, बोर्डावरची गोल बॅटरी थोडा वेळ काढून ठेवायची, एवढी जुनी असेल तर नवीन सीआर२०३२ टाकून द्या, आणि मग नवीन प्रोसेसर.

काही बोर्ड असे असतात की त्यांच्यावर धड कंपनीचं नावच नाही, नुसतं एच६१ छापलेलं, जुना बोर्ड जळाल्यावर बदलून मिळालेले. यांचा बायोस कुठल्या साइटवरून घ्यायचा हाच प्रश्न. सध्या आत २००० वाली चिप असेल आणि बायोस मिळत नसेल तर जुगार न खेळता आय५-२४०० घ्या, फार तर आय७-२६००, पण मग कूलर आणि हवा नीट बघा. उलट आत आधीच पेंटियम जी२०३० किंवा आय३-३२२० असेल तर बायोसचं टेन्शन संपलं, आयव्ही ब्रिज चालतेच आहे, सरळ ३४७० किंवा ३७७० उचला, फक्त लिस्टवर एक नजर टाकून.

झिऑनचं आकर्षण हे की आय७ सारखे आठ थ्रेड आणि वॅट कमी. पण त्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड नसेल तर डिस्प्लेच येणार नाही. आय५-३३५०पी चं पण तेच, शेवटचा 'पी' वाचा. कार्ड आधीपासून असेल आणि तुमच्या बोर्डाच्या लिस्टमध्ये झिऑन असेल तर मजा आहे, नसेल तर कार्ड घेण्यात वाचवलेले पैसे गेले. घ्यायचंच झालं तर जीटी ७१० किंवा जीटी १०३० सारखं, वेगळी पॉवरची वायर न मागणारं, कारण ४५० वॅट छापलेल्या त्या जुन्या लोकल एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) माझा तरी विश्वास नाही. आणि 'के' वाले प्रोसेसर एच६१ वर घेऊन काही साधत नाही, या बोर्डावर ओव्हरक्लॉकिंग होत नाही.

कूलरबद्दल दुकानदार बोलत नाहीत म्हणून सांगतो. आय३ सोबत आलेला तो बुटका ॲल्युमिनियमचा कूलर आय५ वर बसतो, चालतो, पण उन्हाळ्यात पंखा बोंबलतो. मधे तांब्याचा गोळा असलेला मिळाला तर तो घ्या. ११५५, ११५६, ११५० आणि ११५१ या सगळ्यांना कूलरची भोकं सारखीच असतात, त्यामुळे पर्याय भरपूर आहेत, ७७५ चा मात्र बसत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा कुठल्याही यंत्रमागाच्या कारखान्यात मशीन असेल तर आधी कूलर काढून बघा, हीटसिंकच्या फटीत सुताच्या तंतूंची गादी बसलेली असते, पंखा कितीही फिरला तरी हवा आत जात नाही आणि प्रोसेसर तापून स्वतःच स्पीड खाली आणतो. अशी कितीतरी 'स्लो' मशीनं नुसत्या ब्लोअरने आणि ताज्या थर्मल पेस्टने सुधारतात.

आता मुद्दा मशीनच बदलायचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पैसे भरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या अटींवर घरगुती वापराला मिळणारे जादा सिक्युरिटी अपडेट धरले तरी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलची किमान ८ वी पिढी आणि टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) लागतं. म्हणजे एच६१ वर आय७-३७७० टाका नाहीतर झिऑन, अधिकृतपणे विंडोज ११ नाहीच, जुगाड करून टाकतात लोक पण पुढच्या अपडेटला काय होईल याचा भरोसा नाही. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार, जीएसटीचे रिटर्न आणि गिऱ्हाइकांचा डेटा आहे, तिथे या बोर्डात आय७ चे पैसे घालू नका, तेच पैसे बाजूला ठेवून त्यात थोडी भर घाला आणि आय५-८४००, ८५०० वालं ऑफिसमधून निघालेलं रिफर्बिश्ड मशीन बघा, वॉरंटी लिहून घेऊन. पोराच्या अभ्यासाला, कारखान्यात नुसतं चलन काढायला, किंवा लिनक्सवर चालणाऱ्या मशीनला मात्र ३४७० अजून खुशाल चालेल.

बाकी बोर्डवाल्यांचं थोडक्यात. जी३१, जी४१ म्हणजे ७७५ सॉकेट, कोर २ च्या जमान्यातलं, त्यात ई८४०० कुणी जवळजवळ फुकट दिला तरच टाका, जी३१ ला रॅमच ४ जीबीच्या वर जात नाही. एच८१ म्हणजे ११५०, तिथे आय५-४५७० किंवा आय७-४७७०, ४५९० आणि ४७९० ला बायोस बघावा लागतो. ११५१ वाल्यांनी जास्त सावध राहा, एच११० आणि बी२५० वर ६ वी-७ वी पिढीच, एच३१० आणि बी३६५ वर ८ वी-९ वी, सॉकेट दिसायला तोच पण एकमेकांत चालत नाहीत. डेलचे ऑप्टिप्लेक्स ७९० आणि ९९० असतील तर त्यात क्यू६५, क्यू६७ चिपसेट आहे, त्यावर आयव्ही ब्रिज चालतच नाही, २६०० वर थांबायचं, ७०१० असेल तर ३७७० चालतो. आणि सगळ्यात नशीबवान एएमडीचे एएम४ सॉकेटवाले, ए३२० किंवा बी३५० वर रायझन ३ १२०० घेऊन बसले असाल तर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० पर्यंत जाता येतं, ६५ वॅटमध्ये, आणि विंडोज ११ पण मिळतं. लिस्ट तिथेही बघायचीच.

घ्यायचा कुठून? इथल्या दुकानातून मिळत असेल तर शे-दोनशे जास्त गेले तरी इथेच घ्या असं माझं मत, पुण्याच्या तपकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने मागवलेला नाही चालला तर परत पाठवायची कटकट आपल्याच डोक्याला. झाकणावर इंटेल कॉन्फिडेन्शियल कोरलेलं असेल तर तो टेस्टिंगचा नग आहे, ठेवा परत. ३४७० वर एसआर०टी८ असा कोड दिसायला हवा, त्याऐवजी नंबरमागे 'एस' किंवा 'टी' असेल तर तो कमी वॅटचा आणि कमी क्लॉकचा, ३४७०टी ला तर कोरही दोनच, भाव त्याप्रमाणे करा. मशीनच दुकानात घेऊन जा, ११५५ च्या पिना बोर्डावर असतात, जुना प्रोसेसर काढताना त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा म्हणजे नंतर 'पिन आधीच वाकडी होती' हा वाद नको, आणि नवीन बसवल्यावर सीपीयू-झेडमध्ये नाव, कोर, दोन्ही रॅम दिसतायत का बघून पंधरा-वीस मिनिटं लोड देऊन टेंपरेचर बघा. दुकानदार एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.