स्प्लेंडरचा ब्लॉक मागवला अन् 7,440 रुपये गेले

माझी स्प्लेंडर 2006 ची. निळा धूर फेकायची, ऑइल खायची. इंजिनचं हेड-ब्लॉक (पिस्टन चालतो तो सिलिंडर अन् वरचं झाकण) मी घरीच उतरवतो, वीस वर्षांपासून. तेव्हा मला अडाणी समजू नका. कपाशीचा पहिला वेचा चालू होता, गाडीवाचून एक दिवस निघत नव्हता. म्हणून मोबाइलवर दिसलेला 'ओरिजनल, जुना स्टॉक' ब्लॉक-पिस्टन किट 2,480 रुपयांत मागवला. पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडू देत नाहीत. उघडतानाचा व्हिडिओ तरी काढा, मी काढला नाही.

डब्यावरच्या स्टिकरखालून जुन्या स्टिकरची कड दिसत होती. ब्लॉक चांदीसारखा चमकत होता, पण फिन्सच्या सांदीत जुनं काळं ऑइल. पिस्टनची रिंग आत बसवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावली. नव्या रिंगला केसाएवढी फट पाहिजे, इथं 1 मिलिमीटरचं पातं सरळ आत गेलं. घासलेला माल!

बिलावरच्या नंबरवर फोन केला. समोरचा गोड हिंदीत म्हणाला, रिफंडचा कोड पाठवतो, स्कॅन करा. मुलाच्या मोबाइलवर कोड उघडून माझ्या मोबाइलनं स्कॅन केला. मुलगा म्हणाला, "बाबा, पैसे घ्याले पिन कायले लागते?" मी त्याच्यावरच खेकसलो. तेलकट अंगठ्यानं पिन दाबला, 2,480 गेले. "फेल झालं, पुन्हा करा," फोनवाला म्हणाला. पुन्हा केलं! पोरगं बाजूला उभं होतं, बरोबर बोललं होतं, अन् मी दुसऱ्यांदा पिन टाकला. झोप लागत नाही त्या आठवणीनं.

असं झालं तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावा, पैसे पुढं सरकायच्या आत. माझा फोन दीड तास लागलाच नाही. बँकेत पासबुकावर एन्ट्री मारून दिली, बस्स. ठाण्यात म्हणे, हे आमच्या हद्दीत येत नाही, जिल्ह्याला सायबरला जा. जिल्ह्याला म्हणे, आधी ठाण्याचं पत्र आणा. दोन खेपा, दोन दिवसांचा वेचा बुडाला, वर एक जण विचारतो, "एवढ्याशा रकमेसाठी?" साहेब, एवढ्यात माझ्या कितीतरी मजुरांचा चुकारा होतो! हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलेलं आहे. हे ठाण्यात जायच्या आधी पाठ करून जा.

शेवटी तालुक्याच्या लेथवाल्यानं माझ्याच जुन्या ब्लॉकला बोअर मारून (आतून कातून) 0.25 मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन बसवून दिला. आधीच त्याच्याकडं जायला पाहिजे होतं. तो घासलेला ब्लॉक मी फेकला नाही. पिशवीत बांधून सोमवारी परत ठाण्यात नेतो आहे, लेखी पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.