स्वस्तातला ओबीडी स्कॅनर: पावसाळ्याआधी घेतला, दिवाळीनंतर लिहितोय

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये खोचायची छोटी डबी, ती बिघाडाचे कोड मोबाइलवरच्या ॲपमध्ये दाखवते. आधी तक्रार. या डबीला बंद करायचं बटण नाही! ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट सप्लाय असतो, किल्ली काढली तरी. त्यामुळे ही रात्रभर लाल डोळा उघडा ठेवून जागी. माझी गाडी आठवडाभर बिल्डिंगखाली उभी, कारण ऑफिसला मी लोकलने जातो. गणपतीत गावाहून परतलो तर बॅटरी बसलेली. दरवेळी काढून ठेवायची तर स्टेअरिंगखाली कंबर मोडेपर्यंत वाका. ७०० रुपयांच्या वस्तूत पाच रुपयांचं बटण जड झालं?

तरी पैसे फुकट गेले नाहीत. जुलैत चेक इंजिनचा दिवा लागला आणि क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद पडलं. (मुंबईत ते लावतो कोण, पण समृद्धीवर लागतं.) सर्व्हिस सेंटरने नुसत्या स्कॅनिंगचे १००० सांगितले, वर ‘वायरिंग बघावं लागेल’ अशी प्रस्तावना. डबीने पी०५०४ हा कोड दाखवला. म्हणजे ब्रेक पेडलजवळच्या स्विचच्या दोन सर्किटांचा मेळ नाही. कोड पुसला, दोन-तीन दिवसांत परत हजर. तेव्हा मनातल्या मनात डबी भंगारात काढली होती.

मत बदललं ते कोडचा अर्थ नीट लावल्यावर. मागचे दिवे लागत होते, म्हणून कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन ‘स्विच ओके’ म्हणून मोकळा झाला. पण माझ्या गाडीत स्विचला चार पिना आहेत. एक जोडी पेडल दाबल्यावर जुळते, ती दिव्यांची. दुसरी दाबल्यावर सुटते, ती ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, खबर देते. दिवे लागले म्हणजे पहिली शाबूत, एवढंच.

इथे डबी तोकडी पडली. ब्रेक स्विचची लाइव्ह स्थिती ओबीडीच्या सामाईक यादीत नसते, प्रत्येक कंपनीचं वेगळं. फुकटच्या ॲपमध्ये ती दिसली नाही, एबीएसचे (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) ‘सी’ने सुरू होणारे कोडही नाहीत. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून कधीतरी आणलेला मल्टिमीटर काढला. दुसरी जोडी पेडल दाबल्यावर कधी सुटायची, कधी चिकटून राहायची.

नवा स्विच कुर्ल्याला सीएसटी रोडवर ४००चा घासाघीस करून ३५०ला मिळाला. जुना पाव फेरा फिरवला की निघतो. नवा बसवताना अंतर चुकलं तर पेडल न दाबताही ब्रेकचे दिवे जळत राहतात, तेवढं मागे भिंतीवर उजेड पडतोय का ते बघून घ्या. कोड पुसला, त्यानंतर आलेला नाही.

तीन स्टार. बटण असलेली एक्स्टेन्शन वायर २५०ला मिळतेय, पण डबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे बटणाला द्यायची माझी तयारी नाही.