फुकटच्या अपिलाला पंचावन्न हजार

फौजी माणसाचा डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा फेटाळला गेला तर पहिल्या अपिलाला सरकार एक पैसाही घेत नाही. साध्या कागदावर आपली कारणं लिहायची, मेडिकल बोर्डाची प्रत जोडायची आणि पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने धाडायचं. एवढी माहिती आम्हाला पंचावन्न हजार रुपयांना पडली, म्हणून आधी तीच लिहिते.

यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. नोकरीतली बरीच वर्षं उंचावरच्या चौक्यांवर गेली. बाहेर बर्फ, आत दार लावून घेतलेला बंकर आणि त्यात रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार लिहिला, अपंगत्व ३० टक्के, आजन्म. पण पुढच्याच रकान्यात शेरा मारला की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. फौजी लोक याला 'नाना' म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. टक्के कितीही असोत, नाना लागला की दावा फेटाळला जातो. फेटाळल्याच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं.

ते पत्र आलं आणि नेमका तेव्हाच तो माणूस भेटला. माजी सैनिकांच्या दवाखान्याबाहेर, औषधांच्या रांगेजवळ तो उभा असायचा. डोक्यावर पलटणीची टोपी, तोंडात 'जय हिंद साहेब', मला 'वहिनी'. बोर्डाचे फॉर्म, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, प्रयागराजचं पेन्शन ऑफिस, सगळं त्याला तोंडपाठ. आपला माणूस प्रयागराजला आत बसलाय म्हणाला. आधी पंधरा हजार 'नोंदणी' घेतली, नंतर चाळीस हजार 'थकबाकी मोकळी करायला'. पैसे यूपीआयने एका बाईच्या नावावर गेले. पावती मागितली की म्हणायचा, वहिनी, फौजी माणसाकडे पावती मागता?

पैशांचं दुःख आहेच, पण त्याने कागदांचं जे केलं ते त्याहून वाईट. यजमान विड्या ओढायचे. ते सैनिकी इस्पितळाच्या कागदांवर स्पष्ट लिहिलेलं आहे. तंबाखूच्या अतिसेवनातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, असं नियमातच आहे. त्यामुळे आमच्या केसमधला खरा वाद तिथेच होणार होता आणि तो सरळ लढता आला असता. भरतीच्या वेळी छातीचा कसलाच आजार नोंदलेला नाही. अशा वेळी आजार सेवेमुळे झाला असं धरून चालावं आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं आहे. इतका चांगला मुद्दा हातात असताना या गृहस्थाने काय केलं? यजमानांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही, असं प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि वर फुप्फुसाच्या तपासणीचा खोटा रिपोर्ट जोडला.

तो रिपोर्ट मी गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात दाखवला. डॉक्टरांनी एकाच आकड्यावर बोट ठेवलं. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते आणि एकूण किती येते, याचं ते प्रमाण. इनहेलर दिल्यानंतरही ते ७० टक्क्यांच्या खाली राहिलं तर सीओपीडीचा अडथळा आहे असं समजतात. कागदावर ८२ लिहिलं होतं आणि खाली 'तीव्र अडथळा'! खोटं लिहायलाही थोडा अभ्यास लागतो.

मग 'मंजुरीपत्र' आलं. अशोकस्तंभ, गोल शिक्का, सगळं होतं. ३० टक्के वाढवून ६० केलेत आणि वीस वर्षांची थकबाकी बावीस लाख मिळणार, असा मजकूर. पणजीला सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका निवृत्त सुभेदारांनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला. '६०चा टप्पाच नाही, बाई.' सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या राम अवतार निकालानंतर अपंगत्व २० ते ५० टक्क्यांच्या आत असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ला ७५ आणि त्यावर १००, असे टप्पे आहेत. पूर्ण १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम, म्हणजे ५०ला १५ टक्के. पगार पंचेचाळीस हजार धरला तर महिन्याला ६,७५० आणि वर महागाई भत्ता. शिवाय यजमानांना निवृत्त होऊन वीस वर्षं झालेलीच नाहीत! आणि ज्यांना झाली आहेत त्यांनीही तर्सेम सिंग खटल्याचा २००८चा निकाल विचारून घ्यावा. त्यात थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली होती. (२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत. हा हिशेब त्यांचा नव्हे.)

चोर्ला घाटातून बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात गेलो, तेव्हा कळलं की आमच्या नावाचं अपील तिथे पोचलेलंच नाही. त्याच्या आळसाने ते खोटं प्रतिज्ञापत्र फाइलला लागलं नाही, एवढा एक उपकार. पण सहा महिने उलटून गेले होते. फौजी पेन्शनच्या स्पर्श या सरकारी पोर्टलवर यजमानांचा मोबाइल नंबर काढून त्याने स्वतःचा घातला होता, म्हणून मधल्या काळात आम्हाला एकही संदेश आला नाही.

आता उशिराची कारणं देऊन अपील केलंय. सोबत पोलीस तक्रारीची प्रत आहे आणि विड्यांचं जे खरं आहे ते तसंच लिहिलं आहे. बोर्डाची पूर्ण प्रत माहिती अधिकारात दहा रुपयांत मागवली. अपिलांतून काही निघालं नाही तर पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण. गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. बायकांना आणि अपंगांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्न न बघता. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

तो माणूस आता म्हापशाच्या बाजूला दिसतो असं ऐकलंय. ज्यांची कागदपत्रं त्याच्याकडे आहेत त्यांनी आधी स्पर्शचा पासवर्ड बदलावा, मोबाइल नंबर आणि बँक खातं तपासावं. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. त्याच्या दारात हिशेब मागायला त्यानंतर जावं, आणि एकट्याने जाऊ नये.