कॉड आणि मॅकरेल: सामायिक मासळीच्या दोन वाटण्या

एकाच समुद्रावरील शेजारी देशांनी मासेमारीचा कोटा मिळून ठरवावा, की प्रत्येकाने आपल्यापुरता, हे ज्यांना ठरवायचे आहे त्यांनी उत्तर युरोपातील दोन मासे शेजारी ठेवून पाहावेत. नॉर्वे दोन्हींच्या वाटणीत आहे, आणि ज्या शेजाऱ्याशी त्याचे राजकीय सख्य सर्वांत कमी, त्याच्याशीच केलेली वाटणी टिकली आहे.

बॅरेंट्स समुद्रातील कॉडचा कोटा नॉर्वे आणि रशिया (तेव्हाचा सोव्हिएत संघ) यांचा संयुक्त आयोग १९७६ पासून ठरवतो. इतर देशांचा वाटा काढून उरलेली मासळी निम्मी-निम्मी होते. कॉड अंडी घालतो नॉर्वेच्या लोफोटेन किनाऱ्याजवळ, पण प्रवाहाबरोबर वाहत गेलेली पिल्ले वाढतात ती बरीचशी पूर्वेला, रशियाच्या हद्दीत. रशियाने केवळ आपल्याच पाण्यात जाळी टाकली, तर अर्धवट वाढलेली मासळी हाती लागून दोघांचेही नुकसान होईल. म्हणून रशियन जहाजांना नॉर्वेच्या हद्दीत येऊन मोठा कॉड पकडण्याची मुभा आहे. सागरी सीमेचा वाद २०१० च्या करारापर्यंत लोंबकळत होता, तरी वाटणी अडली नाही. अर्थात करारामुळे मासे वाढतातच असे नाही: २०१३ मध्ये १० लाख टन असलेला कोटा २०२५ साठी ३ लाख ४० हजार टनांवर आणावा लागला, पण ती कपात दोघांनी मिळून सोसली.

मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा अटलांटिकमधील भाऊबंद, २००७ च्या सुमारास आइसलँडच्या पाण्यात मोठ्या संख्येने येऊ लागला आणि नॉर्वे व इतर शेजाऱ्यांमधली जुनी वाटणी विस्कटली. २०१० मध्ये आइसलँडने परस्पर १ लाख ३० हजार टनांचा, तर फेरो बेटांनी ८५ हजार टनांचा कोटा जाहीर केला. तेव्हापासून बहुतेक वर्षी प्रत्येकाचा आकडा त्याच्या दृष्टीने रास्त, आणि बेरीज मात्र शास्त्रज्ञांच्या सल्ल्याबाहेर. २०१९ मध्ये या मासेमारीचे शाश्वततेचे प्रमाणपत्र स्थगित झाले. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी पुढील वर्षासाठी सुमारे ७० टक्के कपात सुचवली.

माझ्या मते फरक सलोख्याचा नाही. कॉडचे वाटेकरी मुख्यतः दोन आणि त्याचा फिरण्याचा मार्ग ओळखीचा. मॅकरेलचे वाटेकरी अनेक, आणि त्याने घरच बदलले. म्हणून करार करायचाच असेल, तर मासा सरकल्यास वाटे कसे बदलतील, हे कलम पहिल्याच मसुद्यात हवे. तेवढी तयारी नसेल, तर निदान मासेमारीबंदीचा काळ जुळवता येतो: बांगलादेशाने २०२५ मध्ये आपली ६५ दिवसांची बंदी ५८ दिवसांवर आणून आणि १५ एप्रिल ते ११ जून अशी सरकवून भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदीशी जवळपास मिळती केली.