दुखतंय म्हटल्यावर सुई थांबली

बेळगावात टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर एक छोटा टॅटू स्टुडिओ आहे. दोन महिन्यांपूर्वी तिथं मी डाव्या हातावर, कोपराखाली आतल्या बाजूला, आज्जीच्या हातावर होतं तसंच तुळशीवृंदावन गोंदवून घेतलं. चार इंच, नुसत्या काळ्या रंगात. सव्वादोन तास लागले, साडेचार हजार रुपये झाले. काम सुबक आहेच, पण मला लिहायचंय ते दुखण्याबद्दल.

तीन वर्षांपूर्वी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी मी घोट्यावर वेल काढून घेतली होती. तिथल्या मुलानं सांगितलं, "मुंगी चावल्यागत वाटतंय बघा, काकू." सकाळपासून पोटात फक्त चहा होता. कुणी विचारलं नाही, मलाही ठाऊक नव्हतं. घोट्यावर मांस नसतंच, सुई थेट हाडावर चालल्यागत वाटते. अर्ध्या तासात डोळ्यांपुढं अंधारी आली. थांब म्हटलं तरी "झालंच, झालंच" करत त्यानं मशीन चालूच ठेवलं. पाय झटकला गेला आणि वेलीचं शेवटचं पान वाकडं झालं. दुखलं त्यापेक्षा खोटं सांगितलं याचा राग मला अजून आहे.

टिळकवाडीतल्या या माणसाची घरची भाषा कानडी, पण मराठी आपल्यासारखंच बोलतो. त्याचा पहिला प्रश्न होता, "जेवलासा काय, अक्का?" मग रात्री झोप झाली का, शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, जुन्या जखमेचा वण जाड होऊन वर येतो का, हे सगळं विचारून वहीत लिहिलं. सुया माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढल्या. आणि स्वच्छ सांगितलं, "दुखणार. इथं कोपराजवळ कमी, मनगटाकडं जास्त. साकु म्हटलासा की मी हात उचलणार." साकु म्हणजे कानडीत पुरे.

मी वडगावात ब्लाउज शिवते. शिलाई मशीनची सुई एकदा बोटातून आरपार गेली आहे, त्यामुळे सुईची भीती काय असते ते मला कुणी शिकवायला नको. त्यानं समजावलं की ही सुई जेमतेम दीड-दोन मिलिमीटर आत जाते. वरच्या कातडीखालच्या थरात शाई टिकते आणि नसांची टोकंही तिथंच असतात. एवढं कळल्यावर माझा खांदा आपोआप सैल पडला. अंग आवळून धरलं की जास्त दुखतं, हे तर बाळंतपणात शिकलेलंच होतं. रेघ ओढताना श्वास हळूहळू सोडायचा, रेघ संपली की घ्यायचा.

पहिली दहा मिनिटं चरचर जोरात होती, उन्हानं पोळलेल्या जागी नखानं ओरखडल्यासारखी. मग अंग सरावलं, गप्पाही झाल्या. मनगटाकडची कुंडी काढताना मात्र कळ थेट करंगळीत उतरली. मी "साकु" म्हटलं आणि मशीनचा आवाज त्याच क्षणी बंद झाला. पाणी, गुळाची चिक्की, पाच मिनिटं विश्रांती. शेवटच्या अर्ध्या तासात दुखणं पुन्हा वाढलं. तेव्हा सुईपेक्षा मधूनमधून कागदानं शाई पुसतो ना, ते जास्त झोंबतं. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते.

बधिर करायचं क्रीम मी स्वतःहून मागितलं होतं. एवढ्याशा कामाला नको म्हणाला. माझी लेक फार्मसी शिकते, तिचंही तेच मत. लिडोकेनचं जास्त ताकदीचं क्रीम मोठ्या भागावर चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं मार्च 2024 मध्ये अशा क्रीमबद्दल इशाराच दिला होता. लावायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आज्जीनं सौंदत्तीच्या जत्रेत गोंदवून घेतलं होतं. गोंदणारीण म्हणाली होती म्हणे, "रडायचं तर रड पोरी, हात हलवू नको." आज्जी हे सांगायची तेव्हा तिचा अंगठा नकळत त्या वृंदावनावरून फिरायचा.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. माझ्या आधी खानापूरकडचा एक पोरगा दंडावर वाघ काढायला आला होता. यानं विचारलं, "भरतीला उतरणार काय?" पोरगा हो म्हणाला. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच ठिकाणचा टॅटू चालतो, असं सांगून त्याला परत पाठवलं. गिऱ्हाईक गेलं, पण पोराचं नुकसान टळलं.

तक्रारी दोन. दिलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास बसवून ठेवलं, आणि एसी इतका गार की हातावर काटा येत होता, शाल न्या. दोन-तीन दिवस हात लाल आणि सुजरा होता, आठवड्यानं खाज सुटली, पापुद्रे निघाले. खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही, उन्हात आणि विहिरीत उतरायचं नाही. लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला तर सरळ दवाखाना गाठायचा, हे त्यानं कागदावर मराठीत लिहून दिलं. शिवाय वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही.

घोट्यावरचं ते वाकडं पान आता त्याच्याकडूनच नीट करून घेणार आहे. "तिथं ह्यापेक्षा जास्त दुखणार, अक्का," असं त्यानं आधीच सांगून ठेवलंय.