आयनॅचरलिस्ट ॲप : सातपुड्यापासून पाटणादेवीपर्यंतच्या वापरातून

यावल, तोरणमाळ आणि पाटणादेवीच्या परिसरात दिसणाऱ्या वनस्पतींची ओळख पटवण्यासाठी मी प्रामुख्याने ‘आयनॅचरलिस्ट’ हे ॲप वापरतो. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २००८ मध्ये काही विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून सुरू झालेला हा उपक्रम आता स्वतंत्र ना-नफा संस्था चालवते. ॲप मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि रेंज नसलेल्या ठिकाणी केलेली नोंद नंतर चढवता येते. तोरणमाळच्या वाटेवर ही सोय फार उपयोगी पडते.

छायाचित्रावरून नाव सुचवण्याचे काम ॲपमधील यंत्र क्षणात करते, परंतु ॲपचे खरे बळ त्यानंतर मत देणाऱ्या माणसांत आहे. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांचे प्रजातीबाबत एकमत झाल्याशिवाय नोंदीला संशोधनयोग्य दर्जा मिळत नाही. अंजन, पळस, सालई यांसारख्या वृक्षांसाठी पान आणि साल नीट टिपली तरी पुरते. पावसाळी रानभाज्यांचे तसे नाही. तरोटा आणि कासुंदा कोवळेपणी बरेच सारखे दिसतात. तरोट्याच्या पानावर गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या, म्हणजे एका पानातल्या छोट्या पात्यांच्या, सहसा तीन जोड्या असतात, तर कासुंद्याच्या पर्णिका टोकदार असून त्यांच्या जोड्या चार-पाच असतात. कासुंद्याच्या बिया खाल्ल्याने लहान मुलांना यकृत, स्नायू आणि मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे नोंदवले गेले आहे. म्हणून छायाचित्रात एका पानाच्या सर्व पर्णिका मोजता आल्या पाहिजेत. वरून टिपलेल्या हिरव्या गर्दीवर यंत्रानेच काय, जाणकारानेही मत देऊ नये.

अळंबीच्या बाबतीत मात्र मी या ॲपला फारच कमी गुण देईन, अर्थात दोष ॲपपेक्षा छायाचित्राचाच आहे. वारुळावर उगवणाऱ्या खाद्य अळंबीचा दांडा जमिनीखाली वाळवीच्या बुरशीबागेपर्यंत खोल गेलेला असतो, आणि नेमका तोच भाग तोडताना मागे राहतो, म्हणून छायाचित्रात ही खूण दिसत नाही. उलट गवताळ जागी येणारी एक मोठी पांढरी छत्रीसारखी अळंबी खाल्ल्यास तीव्र उलट्या-जुलाब होतात. तिच्या खालच्या पडद्या आधी पांढऱ्या असतात, पुढे हिरवट होतात, आणि छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली तर बीजाणूंचा हिरवट ठसा उमटतो. ही चाचणी मोबाईल करू शकत नाही. ॲपने दिलेले नाव हा भाजी शिजवण्याचा परवाना मुळीच नव्हे. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ती खात आलेल्या पाड्यावरच्या माणसांनाच विचारावे.

जुन्या दगडी हत्यारांसाठी या ॲपचा उपयोग नाही, कारण ते सजीवांच्या नोंदींसाठीच आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही मिळाले, त्यामुळे या भागात फिरणाऱ्याचे लक्ष पायाखालच्या अकीक आणि गारेच्या तुकड्यांकडे जातेच. ठोकल्याच्या जागेखालचा फुगवटा आणि पाठीवर समांतर पाती निघाल्याच्या खुणा, म्हणजे माणसाने घडवल्याची लक्षणे दिसली, तर तुकडा न उचलता शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा पुरातत्त्व खात्यात दाखवावे. जागेवरून हलवलेल्या हत्याराचा मातीच्या थराशी असलेला संबंध तुटतो, आणि मग त्याचा काळ ठरवणे तज्ज्ञांनाही अवघड जाते.