आतली पानं खरी, कव्हर खोटं

जुनी अमेरिकन कॉमिक्स, त्यातही कव्हरवर प्रयोगशाळा असलेली, गोळा करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. न्यू जर्सीत एका ओळखीच्या संग्राहकामार्फत भेटलेल्या विक्रेत्याने मला नऊशे डॉलरना टोपी घातली. अंक 1951 चा. विक्रेत्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. युक्ती मात्र सविस्तर सांगते. ती कुठल्याही जुन्या अंकावर चालू शकते.

आधी या कव्हरांचं एवढं काय, ते सांगायला हवं. 1945 मध्ये अणुबॉम्ब पडले आणि पुढची काही वर्षं अमेरिकन कॉमिक्समध्ये शास्त्रज्ञ हा प्राणी बोकाळला. पांढरा कोट, विस्कटलेले केस, काचेच्या पेटीत कोंडलेला कुणीतरी, मागे हिरव्या-जांभळ्या द्रवांनी भरलेली भांडी. ईसी कॉमिक्स या प्रकाशकाच्या ‘वीअर्ड सायन्स’ या मालिकेसाठी अल फेल्डस्टीन आणि वॉली वुड यांनी काढलेली कव्हरं आज सगळ्यांनाच हवी असतात, आणि त्या काळच्या लहानसहान प्रकाशकांनीही या लाटेवर हात धुऊन घेतले. 1954 मध्ये कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घातलेली नियमावली, आला, कव्हरच्या कोपऱ्यात त्याचा शिक्का दिसू लागला आणि भयानक प्रयोगांना लगाम बसला. म्हणून कोडच्या आधीचे अंक महाग.

मी औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ आहे, त्यामुळे या कव्हरांवर मला वेगळंच हसू येतं. वाफ थंड करणारा कंडेन्सर लावलेला असतो, पण त्याला पाण्याची नळीच नसते. पाणी खालून आत, वरून बाहेर, हे आम्हाला पहिल्या वर्षी घोकून घेतात; इथे मात्र वाफ बहुधा शास्त्रज्ञाला घाबरून थंड होत असावी. एकाही बाटलीवर लेबल नाही. डोळ्यांना चष्मा नाही. असो.

विक्रेत्याची गोष्ट नेहमीचीच होती. वारलेल्या आजोबांच्या माळ्यावर खोकं सापडलं, घर रिकामं करायचंय, मला यातलं काही कळत नाही. या बाजारात ज्याला काही कळत नाही असा विक्रेता किंमत मात्र डॉलरपर्यंत अचूक सांगतो. आतल्या पानांचे फोटो त्याने न मागता पाठवले: पिवळटलेला वृत्तपत्री कागद, कडा तपकिरी, दहा सेंटमध्ये खेळणी विकणाऱ्या जाहिराती. ती पानं खरी होती. आजही खरीच आहेत.

सीजीसीसारख्या संस्था अंक तपासून, त्याच्या अवस्थेला 0.5 ते 10 असे गुण देऊन, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देतात. तसं का केलं नाही विचारल्यावर उत्तर आलं, त्यात महिने जातात आणि खर्चही होतो, म्हणून तर तुम्हाला स्वस्त देतोय. पैसे मित्र-नातेवाइकांना पाठवतात त्या पर्यायाने पाठवा, म्हणजे मला शुल्क पडणार नाही. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंच संरक्षण नसतं आणि पैसे परत मागायची सोयही नसते. हे वाक्य ऐकलं की व्यवहार तिथेच थांबवा, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी.

अंक आला तो मागे पुठ्ठा घातलेल्या पिशवीत, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून. सोबत चिठ्ठी: कडा तुटतात, उघडू नका. मी उघडला. (नवऱ्याने ‘म्युझियममध्ये ठेव’ असा सल्ला दिला होता. तो सल्ले असेच देतो.)

कव्हरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात त्रिकोणी घडी पडल्याची पांढरी रेघ दिसत होती. त्यावरून नख फिरवलं, तर नख कुठेच अडकलं नाही. घडी पडलेल्या कागदाचे तंतू तुटतात, शाई उडते, तिथे बारीकशी कड लागते. इथे कागद अगदी सपाट. घडी छापलेली होती.

मग लॅबमधलं भिंग आणलं. त्या काळची चार रंगांची छपाई म्हणजे निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई. काचपात्रातला सपाट हिरवा द्रव म्हणजे साधारणपणे पिवळ्याचा थर आणि त्यावर ओळीत बसलेले निळे ठिपके, बस. माझ्या हातातल्या कव्हरवर त्या हिरव्यात किरमिजी आणि काळे कणही विखुरलेले होते. कुणीतरी मूळ कव्हर स्कॅन करून आजच्या प्रिंटरवर काढलं की असं होतं: यंत्राला तो हिरवा रंग नव्याने जुळवावा लागतो आणि ते हाताशी असलेल्या सगळ्या शाया वापरतं. काळी अक्षरंही भरीव नव्हती, कडेला भुकटी उडाल्यासारखी दिसत होती. कव्हरच्या आतल्या बाजूला जुन्या कागदाच्या आम्लाने पडतात तसे तपकिरी डाग होते. भिंगाखाली तेही ठिपक्यांचे निघाले. एवढी मेहनत घेणाऱ्या माणसाने एखादा प्रामाणिक छापखाना काढायला हरकत नव्हती.

शेवटची खात्री पिनांनी केली. मधल्या जोडपानावर, पिनेभोवती, गंजाचा तपकिरी गोल पसरला होता. सत्तर वर्षांत तो गंज कव्हरच्या कागदातही उतरायला हवा. कव्हर तिथे स्वच्छ. म्हणजे कव्हर नसलेला खरा अंक कुठूनतरी किरकोळ भावाने घेतला, जुन्या पिना हळूच उचकटल्या, नवं कव्हर घातलं आणि त्याच भोकांतून पिना परत दुमडल्या. लॅबमधल्या यूव्ही दिव्याखाली कव्हर निळसर पांढरं चमकलं आणि आतली पानं मळकट राहिली. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, कव्हरचा कागद आतल्यापेक्षा वेगळा असतोच. पण बाकी पुराव्यांच्या जोडीला ते पुरेसं बोलकं होतं.

घेण्याआधी काय मागायचं, तर कव्हरचा खिडकीपाशी, बाजूने तिरका उजेड पाडून काढलेला फोटो. समोरून काढलेल्या फोटोत छापलेली घडी आणि खरी घडी सारखीच दिसते, तिरक्या उजेडात खऱ्या घडीची सावली पडते. दुसरा फोटो मधल्या जोडपानाचा, पिना दिसतील असा, आणि तिसरा कव्हरच्या आतून, त्याच पिनांपाशी. खरा विक्रेता कुरकुर करत का होईना, पाठवतो. पिशवी उघडायलाच नकार देणाऱ्याकडे विकायला काय आहे हे तुम्हीच ओळखा.

‘वीअर्ड सायन्स’च्या मागे असाल तर आणखी एक. 1950 मध्ये ही मालिका अंक क्रमांक 12 पासून सुरू झाली, कारण बंद पडलेल्या एका प्रेमकथांच्या कॉमिकचे क्रमांकच पुढे चालवले होते. 15 नंतर पुढचा अंक एकदम 5. त्यामुळे 12 ते 15 हे क्रमांक दोनदा येतात, एकदा 1950 चे आणि एकदा 1952 चे, आणि भावात चांगलाच फरक आहे. नुसता क्रमांक लिहून वर्ष न सांगणारी जाहिरात दिसली तर आतल्या प्रकाशन-माहितीचा फोटो मागा. ईसीच्या काही अंकांचं 1973 ते 1975 या काळात आणि पुढे 1990 च्या दशकातही पुनर्मुद्रण झालं आहे. ते प्रामाणिक पुनर्मुद्रण, पण फोटो कापून किमतीचा कोपरा लपवला की तेच ‘जुनं’ होतं.

पैसे परत मिळाले नाहीत. मी स्वतः पाठवले म्हणून बँकेला काही करता आलं नाही, विक्रेत्याचा फोन बंद आहे. अंक टपालाने आला होता, म्हणून अमेरिकेतल्या टपाल तपास विभागाकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे तक्रार केली. पाकीट, चिठ्ठी, पावती, सगळं जपून ठेवा. माझ्या तक्रारीत पाकिटावरचा शिक्काच सर्वांत उपयोगी पडला.

त्यानंतर एका मित्राने दुसऱ्या राज्यातली जाहिरात दाखवली. विक्रेत्याचं नाव निराळं, माळा आजोबांऐवजी काकांचा, अंक तोच. कव्हरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तीच त्रिकोणी घडी, त्याच लांबीची. त्या जाहिरातीचा आणि माझ्या अंकाचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून तक्रारीला जोडला आहे.